विचारायचं नाही, सांगायचं

४ मार्च

आज दवाखाना संपल्यावर मॅडमनी सगळ्यांना थांबवून घेतलं. मॅडम म्हणजे आमच्या नव्या डॉक्टर. म्हणाल्या, तान्ह्या बाळांच्या लसीकरणात आपला दवाखाना वरच्या रांगेत आहे आणि दहा वर्षांच्या पुढच्या मुलांमध्ये सगळ्यात खाली. निम्म्या मुलांनासुद्धा लस मिळालेली नाही.

"बाळ मांडीवर असतं तोवर आई तारीख विसरत नाही. मिशी फुटायला लागली की पोरगं कुणाचंच नसतं," असं म्हणाल्या. घोषणा मोठ्याने हसली. घोषणा म्हणजे माझ्याबरोबरची नर्स. ती टोकन नंबर पुकारते तेव्हा रस्त्यापलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईक उठून उभं राहतं, म्हणून हे नाव.

मॅडमचं म्हणणं असं की मुलं दवाखान्यात येत नाहीत हे खोटं आहे. पाय मुरगळला म्हणून येतात, चेहऱ्यावर पुरळ आलं म्हणून येतात, पोहायच्या क्लासला सर्टिफिकेट हवं म्हणून येतात. आपण पाय बघतो आणि जा म्हणतो. आत फ्रिजमध्ये लस पडून राहते. आणि ज्यांना विचारतो त्यांना असं विचारतो की त्यांनी नाहीच म्हणावं.

उद्यापासून नवीन पद्धत. "लस घ्यायची का?" असं म्हणायचं नाही. "आज हिला दोन लसी आहेत" असं म्हणायचं. काही शंका असेल तर बसून नीट उत्तर द्यायचं. नको म्हणाले तर नको. पण सुरुवात प्रश्नाने करायची नाही.

दोन लसी म्हणजे एक धनुर्वात-घटसर्पाची. दुसरीचं नाव मॅडमनी घेतलं तेव्हा मी खिडकीची कडी बसते का ते बघत होते.

७ मार्च

सराव घेतला. मॅडम पर्स घेऊन आई झाल्या, घोषणा मुलगी झाली. मी समोर.

मी म्हटलं, "नमस्कार. बसा ना. अं, हिच्या लसी राहिल्यात बहुतेक. आज घेणार का? की नंतर येता?"

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. "सिस्टर, लस देताय की मागणी घालताय?"

सगळे हसले. मीही हसले. पुन्हा म्हटलं. पुन्हा शेवटी "चालेल ना?" आलंच. मला लोकांना सांगायची सवय नाही. आमच्या घरात धाकटी बहीण सांगायची, मी ऐकायची. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान होती तरी.

घोषणाने एका दमात वाक्य म्हणून दाखवलं. "आज हिला दोन लसी आहेत बाही वर करा." मध्ये श्वास नाही. मॅडम म्हणाल्या, "बाही वर करा हे जरा थांबून म्हटलंत तरी चालेल."

८ मार्च

धाकटी नोव्हेंबरात गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. हे मला, तिच्या नवऱ्याला आणि डॉक्टरांना माहीत आहे. बाकी सगळ्यांना पोटाचा आजार एवढंच सांगितलं आहे. तिच्या सासूला आणि मुलीलाही.

शेवटी शेवटी तिला बोलायला त्रास व्हायचा. एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. खारूला यावरची ती लस द्यायची. आणि आपल्याला काय झालं होतं ते खारूला कळू द्यायचं नाही. खारू म्हणजे तिची मुलगी. लहानपणी गालात घास धरून बसायची, खारीसारखी, तेव्हापासून.

मी हो म्हटलं. दोन्हीला.

निदान झालं त्या दिवशी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला आणि तिच्या नवऱ्याला खोलीत बोलावून समजावलं होतं. मला ते माहीत होतंच. हा एका विषाणूमुळे होतो, नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होऊन आपोआप जातो, काही जणींच्यात राहून बसतो. पुरुषाला काहीच दिसत नाही, कळत नाही. कधीचा असेल ते सांगता येत नाही, लग्नाच्या आधीचाही असू शकतो. कुणी कुणाला दोष द्यावा असं यात काही नसतं, असंही ते म्हणाले. धाकटीच्या नवऱ्याने एक शब्द विचारला नाही. बाहेर आला तो थेट बेसिनपाशी. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिचा हात हातात घेतला आणि हा बाहेर साबण लावून हात धूत उभा. परत साबण, परत पाणी. जशी काही घाण लागली होती.

ते मी विसरलेले नाही.

१५ मार्च

रविवार. त्यांच्याकडे गेले होते. खारूला पंधरा पूर्ण व्हायच्या आत पहिला डोस झाला तर दोन डोसवर भागतं, नाहीतर तीन. आता तिला तेरा संपत आलेत.

दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे धाकटीची सासू. "ये ये. सुया घेऊन आलीस की नुसतीच आलीस?" म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्याबद्दल बोललो. खारू अभ्यासाला मैत्रिणीकडे गेली होती.

बाथरूममध्ये हात धुवायला गेले तर धाकटीच्या नवऱ्याचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर, दाराच्या मागे. साबणही वेगळा, डबीत झाकून. स्वयंपाकघरात त्याचा पेला, त्याचं ताट वेगळ्या फळीवर. काकू म्हणाल्या, "स्वतःची भांडी स्वतः घासतो. ती आजारी होती तेव्हापासूनचं खूळ. मी म्हटलं, अरे, मी अजून जिवंत आहे! तर म्हणतो, असू दे."

म्हणजे तेव्हापासून. ती आजारी होती तेव्हा हा तिच्यापासून आपली भांडी लपवत होता. आम्ही दोघी बहिणी एका ताटात जेवत मोठ्या झालो.

काकू आत झोपल्यावर त्याच्याकडे लसीचा विषय काढला.

"ताई, नको," तो म्हणाला.

"का नको?"

"नको म्हटलं ना."

"तिने सांगून ठेवलंय. मला स्वतः सांगितलंय."

"मलाही सांगितलं होतं." बोटाने टेबलावरचा डाग खरवडत होता, जो डाग नव्हताच. "ती विचारेल कशाची लस. मग फोनवर बघेल हा रोग कशाने होतो. दोन मिनिटांचं काम. मग आईचं पोट, हॉस्पिटल, सगळं जुळवेल. हुशार आहे ती. आणि मग ती या घरात माझ्यासमोर बसणार आहे, ताई. तुमच्यासमोर नाही."

"मग बसू दे. बाईचा आजार म्हणजे काय गुन्हा आहे?"

"बाईचा," तो म्हणाला आणि उठून भांडी घासायला गेला.

एवढा शिकलेला माणूस. मुलीसमोर चार शब्द बोलायची लाज वाटते म्हणून मुलीला धोक्यात ठेवतो. निघताना खारू आली. दारातच मला घट्ट मिठी मारली. बापाच्या शेजारून मात्र भिंतीला चिकटून आत गेली, आणि त्यानेही अंग चोरून तिला वाट दिली. मुलीला कधी जवळ घेत नाही. आधी घ्यायचा. खांद्यावर बसवून पायऱ्या चढायचा. आता दगड झालाय.

२ एप्रिल

घोषणाचे आकडे वर जात आहेत. माझे नाहीत. ती म्हणते, "आज हिला दोन लसी आहेत" आणि आया बाही वर करायला लागतात. मी तेच म्हणते तर त्या विचारतात, "आजच का?" माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असणार.

एक बाई मुलगा-मुलगी दोघांना घेऊन आली होती. दोघांनाही आहे म्हटल्यावर म्हणाली, "अहो, ह्याला कुठे गर्भाशय आहे?" रांगेतली माणसं हसली. मुलगा लाल झाला. मॅडम बाहेर आल्या.

"नाहीये त्याला. पण पुढे कुणाशी तरी संसार करेल ना? हा विषाणू पुरुष वाहून नेतो आणि भोगते बाई. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. आणि त्याच्या स्वतःच्याही घशाला धोका असतोच."

"पण आत्ता लहान आहेत हो."

"हेल्मेट कधी घालता? पडल्यावर?"

बाईने दोघांच्याही बाह्या वर केल्या.

मॅडम बिचारा म्हणाल्या. मला खटकलं. बिचारा कोण, हे त्यांनी धाकटीच्या खोलीत येऊन बघायला हवं होतं.

९ एप्रिल

एक बाप अंगावर धावून आला. "माझी मुलगी तसली नाही." मुलगी तिथेच, बारा वर्षांची, चप्पलची पट्टी ओढत उभी. घोषणा म्हणाली, "दादा, पोलिओचा डोस पाजला तेव्हा तुम्ही कसले होतात?" मॅडमनी तिला आत बोलावून झापलं. जेवताना ती मला म्हणाली, "झापलं, पण हसत होत्या."

मला राग आला तर शब्द फुटत नाही. घरी आल्यावर सगळी उत्तरं सुचतात.

२७ एप्रिल

हे लिहायला नको वाटतंय.

आज काकू खारूला घेऊन आल्या. सुट्टीत पोहायचा क्लास, सर्टिफिकेट हवं. मला माहीत नव्हतं. दारातून खारूच आत आली. धाकटीसारखीच एक खांदा वर करून चालते.

मॅडमनी तपासून सही केली आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठवलं. लसीच्या खोलीत आम्ही तिघी. सोबत येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची सही चालते. काकूंची चालली असती. फ्रिज माझ्या मागे होता, हात मागे केला तरी त्याचं दार हाताला लागलं असतं. मी रोज वीस जणींना म्हणते ते वाक्य.

मी म्हटलं, "काकू, हिच्या दोन लसी राहिल्यात. घ्यायच्या का आज?"

काकू म्हणाल्या, "मी काय सांगू गं? त्याला विचारते. तो म्हणेल तसं."

"हो हो, विचारा," मी म्हटलं. "काही घाई नाही."

काही घाई नाही. हे माझ्या तोंडून गेलं.

खारू खुर्चीवर बसल्या बसल्या पाय हलवत माझ्याकडे बघत होती. तिने बाही अर्धी वर केली होती. ती तिने खाली केली.

२८ एप्रिल

संध्याकाळी काकूंचा फोन. "नको म्हणतो गं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

४ मे

मॅडमनी भिंतीवर फळा लावला. महिन्याचे आकडे, हिरव्या खडूने. चढते आहेत. शिपाई पेढे वाटावेत असा चेहरा करून फिरतोय. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुमचंही सुधारतंय." ते खरं नाही. माझ्या रांगेतल्या ज्यांना मी 'नंतर या' म्हणते त्यांना घोषणा दारात गाठते.

१९ मे

दाढ काढली. दोन दिवस रजा. गाल सुजलाय. खारूसारखा.

२१ मे

कामावर गेले. घोषणा डबा उघडता उघडता म्हणाली, "अगं, तुझी भाची येऊन गेली परवा. पोहून कानात पाणी गेलं होतं. आजीबरोबर होती."

"मग?"

"मग काय. मॅडमनी कान बघितला, मी म्हटलं आज हिला दोन लसी आहेत, बाही वर करा. आजीने पर्स धरली, पोरीने बाही वर केली. झालं. आजी विचारत होती, हिच्या बाबाला विचारायला हवं होतं का. मी म्हटलं, कान दुखतोय ते विचारलं होतं का? सही केली तिने." डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवली. "घे, मऊ आहे. तुला चावायला नको. काय झालं? रडतेस काय?"

दाढ दुखतेय म्हटलं.

तिला काहीच माहीत नाही. तिने कान बघितल्यासारखी लस दिली. मी मार्चपासून तोंडात धरून बसले होते आणि हिने डबा उघडायच्या आत उरकून टाकलं. आनंद व्हायला हवा होता. तोंडात दाढेच्या जागचं रक्त होतं, दिवसभर तीच चव.

२३ मे

दवाखान्याच्या फाटकापाशी धाकटीचा नवरा उभा होता. स्कूटरवरून उतरला नव्हता.

"तुम्ही दिलीत?"

मी हो म्हटलं. घोषणाचं नाव का मध्ये आणायचं? आणि दुसरं म्हणजे, ते माझंच असायला हवं होतं.

"मी नाही म्हटलं होतं."

"तिने हो म्हटलं होतं. तिच्या आईने."

त्याने हँडल घट्ट धरलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "काय सांगितलंत खारूला? कशावरची आहे म्हणून?"

"काही नाही. सगळ्यांना सांगतो तेच. कॅन्सर होऊ नये म्हणून."

"कशाने होतो ते सांगितलंत?"

"नाही."

"नक्की?"

"इतकी भीती कसली वाटते हो तुम्हाला?" माझा आवाज चढला, मलाच ओळखू येईना. "ती गेली. पोरीला आई नाही. आणि तुम्हाला पडलीय ती तुमच्या नावाची."

माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असंच समजा, ताई." किक मारली. जाताना म्हणाला, "थोडे दिवस घरी नका येऊ."

बरोबर बोलले मी. पहिल्यांदा वेळेवर उत्तर सुचलं.

३० जुलै

गेले नाही. बोलावलंही नाही. खारूचा फोन येतो तेव्हा शाळेचं सांगते. पाठीमागून नळाचा आवाज येत असतो. "बाबा भांडी घासतोय," म्हणते. "कायम घासतोच."

फळ्यावरचे आकडे बघायला वरिष्ठ ऑफिसमधून दोघे येऊन गेले. त्यांनी पद्धत विचारली. मॅडमनी घोषणाला पुढे केलं. तिने त्यांच्यासमोर म्हणून दाखवलं. एकाने नकळत मनगटाचं बटण काढलं.

१४ सप्टेंबर

एक बाई म्हणाली, तुमच्याच घरात कुणाला झाला असता तर कळलं असतं. लस नको म्हणत नव्हती, रांगेला कंटाळली होती, उगीच बोलली. मी तिच्या मुलीला टोचलं. मुलगी म्हणाली, "दुखलंच नाही."

११ नोव्हेंबर

वर्ष झालं.

सकाळी फोन केला. काकूंनी घेतला. मग काकू म्हणाल्या, "तो पहाटेपासून गच्चीवर आहे. गाद्या, उशा, सगळं उन्हात टाकलंय. स्वतःची चादर वेगळ्या दोरीवर. वर्ष झालं, याचं धुणं काही संपत नाही बघ. मला तर वाटतं, कातडं सोलून वाळत घालेल एक दिवस."

तिचा उरलासुरला वासही नको असणार घरात. मी तिचा एक दुपट्टा आणून ठेवलाय, धुतलेला नाही.

दुसरा डोस याच महिन्यात आहे. तो आणणार नाही. काकूंच्या गुडघ्याला आता जिने झेपत नाहीत. खारूला एकटीला येता येणार नाही, सही लागते. मी काय करणार आहे ते मला माहीत नाही. त्याच्या दारात जाऊन विचारेन, आणि मला माहीत आहे मी कसं विचारेन.

२१ नोव्हेंबर

आज तो आला. खारूला घेऊन.

गर्दी होती. घोषणाने त्यांचा नंबर पुकारला तेव्हा मी वर बघितलं. खारू वीतभर उंच झालीय. तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "दुसरा डोस." जशी काही मी इथली कुणीतरी आहे. मग म्हणाला, "डॉक्टरांना भेटायचं होतं. मला. एकट्याला." मी मॅडमच्या दाराकडे बोट केलं. खारूला आत घेतलं.

आम्ही दोघीच. मी दंड पुसला.

"मावशी, आईला हेच झालं होतं ना? ज्याची ही लस आहे ते?"

सिरिंज भरलेली होती हातात. मी म्हटलं, "नाही गं. आईचं पोटाचं होतं. तिकडे बघ. खिडकीकडे."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीकडे बघितलं. टोचून झालं, बोळा दाबून धरला, तरी तिकडेच बघत होती. मग माझ्या हातावर हात ठेवला, आणि म्हणाली, "बाबाला नको हं सांगू मी विचारलं ते. त्याला वाईट वाटतं." अजून लहान आहे. काहीतरी मनाला येतं ते विचारते. मी निभावून नेलं.

टोचल्यावर मुलांना थोडा वेळ बाहेर बाकावर बसवतो. ती जाऊन बसली. तो अजून मॅडमकडेच. घोषणा माझ्या कानाशी आली. तिला कुजबुजता येत नाही, तरी प्रयत्न केला.

"तुझा मेहुणा काय विचित्र आहे गं! मी केसपेपर द्यायला आत गेले होते. मॅडमना विचारतोय, टॉवेलने पसरतं का, पेल्याने पसरतं का. पोरीला जवळ घेतलं तर पसरतं का. मॅडम म्हणाल्या, यातल्या कशानेही नाही हो. तर परत तेच. जवळ घेतल्याने नक्की नाही ना? त्यांनी चार वेळा सांगितलं. मग म्हणतो, ज्याच्यात असतं त्याला कळायचा काही उपाय असतो का. त्या म्हणाल्या, नसतो, आणि वर्षानुवर्षांनी शोधूनही काही हाती लागत नाही. मग नुसता बसून राहिला. मॅडमनी मला डोळ्याने जा म्हटलं."

धाकटी जाऊन वर्ष उलटलं आणि हा अजून तिच्या टॉवेलला घाबरतो. आपल्याला काही झालं नाही ना, एवढंच विचारायला आला. ते विचारायला एकट्याला भेटायचं होतं. पोरीचा डोस हे निमित्त.

बऱ्याच वेळाने बाहेर आला. डोळे लाल होते. मॅडमच्या खोलीतला पंखा थेट तोंडावर येतो, कुणाचेही होतात. बाकावर खारूपासून एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसला. माझ्या टेबलावरून दाराच्या काचेतून सगळं दिसतं.

खारूने तिची बाटली उलटी करून दाखवली. पाणी संपलं होतं. त्याच्या पिशवीत त्याची बाटली होती, वेगळी, झाकणाला दोरा बांधलेली. त्याने ती काढली. एक घोट प्यायला. मग ती हातात धरून बसला, दोन्ही हातांनी. पोरगी तहानलेली शेजारी, आणि हा विचार करतोय! मग पुढे केली.

तिने घेतली नाही. दार अर्धवट उघडं होतं, मला ऐकू आलं. "बाबा, ही तुझी आहे."

"पी."

ती प्यायली. तोंड लावून, सगळी. तो तिच्याकडे बघत होता, जसं काही पाणी पिताना कुणाला कधी बघितलंच नाही. मग त्या मधल्या जागेवर ती सरकली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. टोचल्यावर मुलांना जरा गरगरतं. त्याने हात उचलला, तसाच हवेत ठेवला, आणि मग तिच्या डोक्यावर ठेवला. एक घोट पाणी द्यायला आणि एक हात टेकायला या माणसाला एवढा वेळ लागतो.

निघताना माझ्याकडे बघून मान हलवली. मी केसपेपर लावत होते.

पुढच्या मुलीला आत बोलावलं. आईबरोबर होती. मी म्हटलं, "आज हिला दोन लसी आहेत." आईने बाही वर केली. पुढे 'चालेल ना' लावावं लागत नाही, हे आज कळलं.

धाकटीने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी झाल्या. लस पूर्ण झाली आणि खारूला काही कळलेलं नाही. मी एकटीने केलं. कुणाची मदत झाली नाही.